डाव्या हाताचा शब्द

मास्तर कुणाच्या घरी सांत्वनाला निघाले की माझी आई हातातलं काम टाकून दाराशी यायची. ती तिथूनच माझ्या वडिलांना, अण्णांना खुणावायची, अण्णा घाईघाईने चपला घालून त्यांच्या मागे जायचे, आणि तरी व्हायचं ते होऊनच जायचं. आमच्या मस्तगडच्या गल्लीत कापड दुकानवाल्यांचे वडील वारले तेव्हा मास्तर थेट थोरल्या मुलासमोर जाऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "वय काय होतं?" मुलाने डोळे पुसत सांगितलं, "ब्याऐंशी." मास्तर म्हणाले, "मग ठीक आहे." एवढं बोलून ते उठले. आत बायका रडत होत्या, त्या रडायच्या थांबल्या. अण्णा घरी आले ते कपाळाला हात लावूनच.

मास्तर म्हणजे आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांतले भाडेकरू. जालन्याच्या सरकारी शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. निजामाचं राज्य होतं, बाकीचे विषय उर्दूतून असायचे, त्यामुळे इंग्रजीचा मास्तर शाळेत तसा एकटाच पडायचा. हे तर मुळातच एकटे. वऱ्हाडातून हैदराबादला जाऊन बी. ए. झालेले, चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. का केलं नाही असं आईने एकदा आडून विचारलं, तर म्हणाले, "तीन ठिकाणी मुली बघितल्या. तिन्ही ठिकाणी मला विचारलं, मुलगी कशी वाटली. मी सांगितलं." पुढचं आईने विचारलं नाही.

दिसायला माणूस वाईट नव्हता. उंच, जरासा वाकलेला. शाळेत शेरवानी घालावी लागायची आणि तिचं एक बटन कायम चुकीच्या काजात असायचं. खोलीत एक खाट, एक पाण्याची घागर आणि एक इंग्रजी शब्दकोश. कोश इतका जाड की तो ठेवायला त्यांनी सुताराकडून चौरंग करून घेतला होता. आमच्याकडे चौरंगावर सत्यनारायण बसायचा, मास्तरांकडे कोश बसायचा. रोज सकाळी आंघोळ झाली की ते त्यातलं एक पान वाचायचे आणि दिवसभर जो भेटेल त्याला त्या पानातला एखादा शब्द सांगायचे. तो कुठून आला, कुणाकडून आला, वाटेत त्याचं काय काय झालं. दूधवाल्यालाही सोडायचे नाहीत. दूधवाला म्हणायचा, "बराबर हाय मास्तर," आणि माप टाकून चालायला लागायचा. मला वाटतं, जालन्यात मास्तरांचं सगळ्यात जास्त त्याच्याशीच पटायचं.

"खरं सांगू का?" हे त्यांचं पालुपद. ते कानावर पडलं की ओळखीची माणसं "नको मास्तर" म्हणत हात जोडायची. अनोळखी माणसं बिचारी "सांगा की" म्हणायची आणि मग पस्तावायची. एक मात्र होतं. ज्याच्याबद्दल बोलायचं तो समोर असल्याशिवाय मास्तर कधी बोलले नाहीत. पाठीमागे बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, त्यामुळे गल्लीतल्या बायकांना ते अगदीच निरुपयोगी वाटायचे.

दसऱ्याला तर त्यांनी कहर केला. मास्तर डावरे होते. लिहायचे डाव्याने, कडी लावायचे डाव्याने, छत्री डाव्या हातात. तिथवर लोकांनी चालवून घेतलं होतं. पण त्या दसऱ्याला ते आपट्याची पानं घेऊन गल्लीभर सोनं वाटत निघाले, तेसुद्धा डाव्या हाताने. आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला काही देत नाहीत आणि कुणाकडून घेत नाहीत, मग सणाचं सोनं तर लांबच राहिलं. पुढे आलेले हात एकेक करून मागे जायला लागले. एका म्हातारीने पसरलेला पदर गोळा करून घेतला. मास्तरांना वाटलं, लोकांना पानं नको आहेत. घरी येऊन अण्णांना म्हणाले, "यंदा लोकांचा उत्साह कमी दिसतो."

अण्णा म्हणाले, "मास्तर, डावा हात."

मास्तरांनी आपल्या हाताकडे नीट बघितलं. "धुतलेला आहे," ते म्हणाले.

या सगळ्यावर आम्ही हसायचोही. पण मुन्सिफसाहेबांकडे जे झालं त्याला हसायची कुणाची छाती झाली नाही. अण्णा मुन्सिफाच्या कोर्टात पेशकार होते, म्हणजे साहेबासमोर मिसला, खटल्यांचे कागद, मांडायच्या आणि वाचून दाखवायच्या. साहेब मोठा माणूस, आणि त्याला शायरीचा भारी नाद. एकदा घरी मैफल होती, तिला अण्णा मास्तरांना घेऊन गेले. इंग्रजी शिकलेला माणूस आपल्या घरी राहतो, याचा अण्णांना थोडा तोराही होता. साहेबांनी स्वतःची गझल म्हटली. वाहवा झाली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडून म्हणाले, "खरं सांगू का?" अण्णांनी त्यांच्या शेरवानीचं टोक ओढलं, पण साहेब खुशीत होते. "फर्माइए," म्हणाले. मास्तर म्हणाले, "तिसरा शेर सगळ्यात चांगला आहे. पण तो तुमचा नाही."

पानदान फिरत होतं ते जागच्या जागी थांबलं, असं अण्णा सांगायचे. दोनच दिवसांत कळलं की साहेब शिक्षण खात्यात वरपर्यंत लिहिणार आहेत आणि मास्तरांची नोकरी जाणार. अण्णा तीन दिवस साहेबांच्या दाराशी उभे राहिले. काय बोलले, किती वाकले, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. नोकरी वाचली. मास्तरांनी खाली येऊन अण्णांना म्हटलं, "तुमचे उपकार आहेत." ते शब्द त्यांच्या तोंडून ऐकून आम्ही सगळेच चकित झालो. पुढे जे झालं ते या उपकारापायीच झालं.

आता माझं सांगते. मीही डावरीच.

लहानपणी जेवायला बसले की आई जुन्या लुगड्याच्या चिंधीने माझा डावा हात मागे बांधायची. रागाने नाही, डोळ्यांत पाणी आणून बांधायची. "डावऱ्या पोरीला कोन करून घेनार," एवढंच तिचं म्हणणं. देवाला डाव्या हातचं चालत नाही, पितरांना चालत नाही, पंगतीत डाव्याने वाढलं तर माणसं ताटावरून उठतात. हळूहळू मी उजव्याने जेवायला शिकले, वाढायला शिकले, आरतीचं ताट धरायला शिकले. भाकरी मात्र उजव्याने जमेना, ती मी स्वयंपाकघराचं दार लावून करायची. अक्षर तर उजव्या हाताने काढलेलं माझं मलाच वाचता यायचं नाही. माझा हात कोणता हे घरातल्या आम्हा तिघांनाच माहीत होतं. सख्ख्या मामालासुद्धा आईने सांगितलं नव्हतं.

मुलीला थोडं इंग्रजी आलं तर स्थळ चांगलं मिळेल म्हणून अण्णांनी मास्तरांना मला शिकवायला सांगितलं. पहिल्या दिवशी ओसरीवर बसून मी पाटीवर चार अक्षरं काढली. मास्तर पाटीकडे बघत होते, मग माझ्या हातांकडे बघायला लागले.

"हा तुझा हात नाही," ते म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली. "कशावरून?"

"उजव्या हातात सहा बांगड्या आहेत. डाव्यात चार. जो हात काम करतो त्याच्या फुटतात."

आत आई ताक करत होती. रवीचा आवाज थांबला. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, हे बाहेर कुठं बोलू नका. पोरीचं लगीन व्हायचं हाय."

"लग्न हाताशी लावायचं आहे का?" मास्तरांनी विचारलं. चेष्टा म्हणून नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं. मग मला म्हणाले, "माझ्यासमोर डाव्याने लिहायचं." आई आत गेली आणि बराच वेळ रवी काही फिरली नाही. पण त्या दिवसापासून ओसरीवरचा तो एक तास माझा स्वतःचा झाला. डाव्या हातात पेन्सिल धरली की अक्षर आपोआप सरळ यायचं, आणि मला इतकं बरं वाटायचं की इंग्रजी राहिलं बाजूला, मी मराठीच पानंच्या पानं लिहून काढायची.

एकदा त्यांनी आईच्या चुलतबहिणीला तिच्या तोंडावर सांगितलं की तुमचा मुलगा नापास झाला ते बरं झालं, वर ढकलला असता तर पुढच्या वर्षी जास्त रडला असता. मावशी जेवण न करता गेली. आईने मास्तरांना चांगलंच फैलावर घेतलं. संध्याकाळी शिकायला बसले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, तुमच्यासारख्या माणसाला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी जीभ चावली. पण मास्तर खूश झाले. मला घेऊन वर गेले, चौरंगावरचा कोश उघडला आणि बोट ठेवलं.

"गोश," ते म्हणाले. "चार माणसांत कसं वागावं, काय बोलावं, काय गिळावं हे ज्याला कळत नाही तो. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. फ्रेंचांत त्याचा अर्थ काय, माहीत आहे? डावा. डावा हात. त्याच्याही आधी वाट सोडून वळणं, वाकडं होणं. म्हणजे वाकडा तो डावा, आणि डावा तो अडाणी. असं होत होत तो माझ्यापर्यंत आला."

अण्णा जिन्यात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "फारसीत तर गोश म्हणजे कान."

"तो वेगळा. त्याचा ह्याच्याशी बिलकुल संबंध नाही," मास्तरांनी अण्णांना वाटेला लावलं आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "आणि कसबी, हुशार माणसाला त्यांचे जे शब्द आहेत ते उजव्या हातावरून आलेले."

मला संताप आला. "इंग्रजांचं असंल तसं. आपल्यात असलं काही न्हाई."

"नाही?" मास्तर म्हणाले. "दाक्षिण्य म्हणजे काय?"

"सभ्यपणा. दुसऱ्याचं मन राखून वागणं."

"दक्षिण म्हणजे उजवा. आणि वाम म्हणजे डावा. वाममार्गाला गेलेला माणूस कसा असतो ते तुझ्या आईला विचार. मुली, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. एकट्या आईवर रागावू नकोस."

मी सुन्न होऊन जिना उतरले. तोवर मला वाटायचं, हा आमच्या आईचा वेडेपणा आहे, फार तर जालन्याचा. कुठेतरी लांब, साहेबांच्या देशात, डाव्या हाताच्या मुली खुशाल पंगतीत वाढत असतील. कुठेच नाहीत हे त्या माणसाने मला पास झाल्याची बातमी सांगावी तशा आनंदाने सांगितलं. मी त्या रात्री जेवले नाही.

सोळावं संपलं आणि वाटूरचं स्थळ आलं. चांगली जमीन, खटल्याचं घर, दोन वेळेला वीसेक माणसं पंगतीला. मुलगा शांत आहे असं कळलं. मला लग्न नको होतं असं मुळीच नाही. मला चोरी नको होती. आईने बजावून ठेवलं होतं, "लगीन झालं तरी कुनाला कळू द्यायचं न्हाई, नवऱ्यालाबी न्हाई." म्हणजे त्या वीस माणसांत मी जन्मभर दुसऱ्याचा हात वापरून राहायचं. त्या विचाराने मला झोप लागेना. आईवडिलांना सांगायची सोय नव्हती. मी मास्तरांना गाठलं.

"मास्तर, ते लोक येतील तवा तुमी घरीच असा."

"असणारच. शुक्रवार आहे, निजामाच्या शाळांना सुट्टी."

"मंग तुमी सांगून टाका. माझ्या हाताचं. कळूनसवरून करत असतील तर करू द्या, न्हाई तर जाऊ द्या."

मास्तरांनी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. "ते मला सांगायला कशाला हवं? मी बोलणारच. आजवर कुणाला मला थांबवता आलंय का?"

त्यांच्या त्या खोडीचा मला जन्मात पहिल्यांदा आधार वाटला. शुक्रवारची मी वाट बघायला लागले.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि चुलते. मुलाची आई उंचीपुरी, आवाज भारदस्त, आणि नजर अशी की मला वाटलं हिला आताच सगळं कळणार. तिने मला सुई ओवायला लावली. महिनाभर आईने तेच करून घेतलं होतं, ओवली. मग चुलत्यांनी कागद दिला, "नाव लिव्ह पोरी." मी उजव्या हाताने लिहिलं. अक्षरं एकमेकांवर पडली. "घाबरली जनू," चुलते म्हणाले. मग ते मास्तरांकडे वळले. मास्तर भिंतीला टेकून बसले होते.

"मास्तरसाहेब, तुमी हिला शिकवून राह्यले. तुमी बाहेरचे मानूस. तुमीच सांगा, पोरीत काही खोट?"

दाराआड आईने डोळे मिटले. अण्णा सतरंजीकडे बघत होते. मी मात्र सरळ मास्तरांकडे बघत होते. मास्तरांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"खरं सांगू का?" ते म्हणाले.

"सांगा की."

मास्तर थांबले. मास्तर बोलताना थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "मुलगी गुणी आहे. खोट काही नाही."

आणि त्यांनी समोरचं पानाचं तबक उचललं आणि चुलत्यांपुढे धरलं. उजव्या हाताने.

आई दाराआडून बाहेर डोकावली, विश्वास न बसून त्यांच्याकडे बघत राहिली. लग्न तिथेच ठरलं. साखर वाटली गेली आणि माझ्या हातावर पडलेली साखर तशीच विरघळत राहिली.

पाहुणे गेल्यावर मी माडीवर गेले. मास्तर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते.

"मास्तर, का?"

"तुझ्या वडिलांनी काल डोक्यावरची टोपी काढून माझ्या पायावर ठेवली," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "माझी नोकरी त्यांनी वाचवली. मला नाही म्हणता आलं नाही."

"सगळ्या गावाला खरं सांगून राह्यले तुमी. आन् माझ्याच वक्ताला तुमाला दाक्षिण्य सुचलं का?"

लग्नाच्या दिवशी मास्तर खाली आले नाहीत. त्याच उन्हाळ्यात त्यांची परभणीला बदली झाली.

वाटूरला मी चार वर्षं उजव्या हाताने राहिले. त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं हे आधीच सांगते. पण मी प्रत्येक कामात मागे. भाजी चिरायला मला दुप्पट वेळ लागायचा. माझी भाकरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला फाटलेली, मध्ये कच्ची. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणायच्या, "जालन्याची पोरगी इंग्रजी शिकली, पन हात मंद हाय." जावा तोंडाला पदर लावायच्या. गोठ्यात कुणी नसलं की मी शेणाच्या गोवऱ्या डाव्या हाताने थापायची, तेवढंच काय ते सुख. रोज काम करताना मला राग यायचा तो आईचा नाही, अण्णांचाही नाही. त्यांनी जे केलं ते सगळेच आईबाप करतात. राग यायचा मास्तरांचा. एकच दिवस त्यांनी तोंड आवरलं, आणि तो माझा दिवस होता.

चौथ्या वर्षी दिवाळीनंतर एका दुपारी दारात बैलगाडी उभी राहिली. परतूरला रेल्वेने उतरून मास्तर भाड्याच्या गाडीने आले होते. तीच शेरवानी, तेच चुकीचं बटन. घरात आनंद झाला, सुनेचे मास्तर आले. ओसरीवर आत्याबाई, चुलतसासरे आणि माझे यजमान होते. मी आत मुलीला मांडीवर घेऊन बसले होते, ती वर्षाची होती. पाणी दिलं गेलं. पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते शब्द.

"खरं सांगू का?"

मी मुलीला कडेवर घेऊन उठले.

"चार वर्षांपूर्वी मी तुमच्यासमोर खोटं बोललो," मास्तर म्हणाले. "ही मुलगी डावरी आहे. तिच्या आईवडिलांनी ते लपवलं आणि मी त्यांना साथ दिली. तिची इच्छा होती की तुम्हाला सांगावं. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून आलो."

चुलतसासरे म्हणाले, "मास्तर, लगीन होऊन चार वर्षं झाली. लेकरू झालं. आन् तुमी आत्ता हे सांगायला आल्ते?"

"हो," मास्तर म्हणाले. "सुट्टी आत्ता मिळाली."

ते उठले. मी दारात येऊन उभी होते, मला बघून म्हणाले, "आता तुला लपवायला नको." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला काय करावं ते समजेना. हा माणूस माझ्या संसाराला आग लावून चालला होता आणि त्याला वाटत होतं, आपण मोठं काम केलं. गाडी वळली. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

पुढचे आठ दिवस मी काढले ते माझे मला माहीत. चुलतसासऱ्यांचं एकच म्हणणं, "फसवलं आमाला. लेकीसकट जालन्याला घालून या. देवाचं, पितराचं चार वर्षं हिच्या हातचं झालं." जावा माझ्याशी बोलेनात. आत्याबाई काहीच बोलत नव्हत्या आणि त्याचीच मला जास्त धास्ती होती. घरात शेवटचा शब्द त्यांचा असायचा. मुलीचे कपडे मी गाठोड्यात बांधून ठेवले होते.

एका दुपारी यजमान गोठ्याशी आले आणि खाली बघत म्हणाले, "मला म्हाईत होतं."

"काय?"

"तुझ्या हाताचं. पयल्या वर्षीच दिसलं होतं. गोवऱ्या थापून राह्यली होतीस."

"मंग बोलले का न्हाई?"

"तुला वाईट वाटंल म्हनून."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चार वर्षं मी ज्या माणसापासून लपवत होते तो तीन वर्षं माझ्यासाठी माझ्यापासून लपवत होता. त्यांना रागवावं की काय करावं हे मला आजही ठरवता येत नाही.

नवव्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी हाक मारली. चूल पेटलेली होती. त्यांनी काठवट माझ्यापुढे सरकवली, पीठ घेतलं आणि समोर पाट टाकून बसल्या. "कर," म्हणाल्या. "तुझ्या हातानं कर."

मला वाटलं, घालवून देण्याआधी खात्री करून घेत आहेत. जावा दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पीठ मळलं, गोळा घेतला आणि चार वर्षांत पहिल्यांदा, आणि तीही चारचौघींसमोर, डाव्या हाताने भाकरी थापली. हात काही विसरला नव्हता. भाकरी काठवटीत गोल फिरत मोठी झाली, तव्यावर पडली, पाणी फिरवलं, उलटली, आणि चुलीच्या तोंडाशी लावल्याबरोबर टम्म फुगली.

आत्याबाईंनी ती उचलली, मोडली, एक तुकडा खाल्ला. किती वेळ चावत होत्या कोण जाणे. मग त्यांचा आवाज चढला.

"चार वर्षं. चार वर्षं आमी कच्च्या, फाटक्या भाकरी खाल्ल्या. आन् मी तुला मंद मंद म्हनून राह्यले. तुझ्या मायबापानं तोंड शिवलं, तू शिवलं, ह्या माझ्या पोरानं शिवलं. एक शब्द बोलायला काय झालं होतं गं तुमाला?"

मी चुलीपुढे बसून मोठमोठ्याने रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग दुसरा गोळा माझ्यापुढे ठेवत म्हणाल्या, "देवाचं आन् वाढायचं तेवढं उजव्यानं कर. बाकीचं तुझं तू बघ." आणि बाहेर ओसरीकडे तोंड करून चुलतसासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी कुठं जानार न्हाई."

त्या आठवड्यात मी परभणीला पत्र लिहिलं. दोन पानं, डाव्या हाताने, भर ओसरीवर बसून. त्यात मी मास्तरांना मनसोक्त शिव्या दिल्या. माझा संसार मोडता मोडता राहिला हे लिहिलं, त्यांनी आधी बोलायला हवं होतं हे लिहिलं, भाकरीचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की तुम्ही आलात, फार बरं झालं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. खुशाली नाही, माझ्या मुलीची चौकशी नाही, झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. एवढंच लिहिलं होतं: "पत्र पोचले. दुसऱ्या पानावर तीन चुका आहेत. अक्षर तुझे आहे."